मागचे पाटे बदलले, उंची आली, आणि थोड्याच दिवसांत पिकअप परत मागून बसली? आधी हे बघा

पिकअपच्या मागच्या कमानीचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचं, काम केलेल्या लोकांची एक तक्रार सारखी कानावर येते आणि ती जवळपास एकाच चालीची असते. एक पाटा वाढवला किंवा नवीन जाड सेट टाकला, गाडी मस्त उचलली, दोन इंच वर आली, सुरुवातीला एकदम छान वाटलं, आणि मग हळूहळू परत खाली. मग परत एक पाटा वाढवायचा, परत तेच. असं करत करत शेवटी कमान इतकी कडक होते की रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटते, मागं बसलेला माणूस वैतागतो, आणि एवढं करून लोड टाकला की मागून बसलेलीच.

अशा वेळी सगळे लोक पाट्याला दोष देतात, माल हलका दिला, पोलाद चांगलं नव्हतं वगैरे. तसं असूही शकतं, नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा गडबड त्याच्या आधीच झालेली असते, आणि हे मी अगदी पोटतिडकीनं सांगतोय कारण यात लोकांचे पैसे आणि वेळ दोन्ही फुकट जातात: उंची आणि लोड ही दोन वेगळी कामं आहेत. गॅरेजमध्ये जाऊन "गाडी मागून उचलायचीय" एवढंच सांगितलं तर मिस्त्री उचलून देणारच, पण ती उंची टिकणार का हे तुमच्या गाडीवर कायमचं वजन किती आहे त्यावर ठरतं, आणि ते ना तुम्ही सांगितलेलं असतं ना त्यानं विचारलेलं असतं.

कमानीत बघायच्या गोष्टी दोन. एक तिचा बाक, म्हणजे मोकळी असताना ती किती वाकलेली आहे. दुसरा कडकपणा, म्हणजे तिला एक मिलिमीटर दाबायला किती किलो वजन लागतं. नुसता बाक वाढवला की गाडी वर येते, पण लोड टाकल्यावर ती तेवढेच मिलिमीटर खाली जाते जेवढी आधी जात होती, फक्त सुरुवात वरून होते. कडकपणा वाढवला तर लोडखाली कमी बसते, पण रिकामी असताना धक्के जास्त देते.

आकड्यात बघा म्हणजे पटेल. समजा एका बाजूच्या कमानीचा कडकपणा मिलिमीटरला ३ किलो आहे, म्हणजे दोन्ही मिळून ६ किलो. आता हौद्यावर कॅनोपी (बंद छप्पर), मागं लोखंडी बंपर, अवजारांची पेटी, जादा स्टेपनी असं करत मागच्या अॅक्सलवर २४० किलो कायमचे चढले. २४० भागिले ६, गाडी ४० मिमी बसली. मालक म्हणतो कमान थकली. कमान थकलेली नाहीये, तिनं हिशोबाप्रमाणे काम केलंय! आता त्यानं तेवढ्याच कडकपणाची पण ४० मिमी जास्त बाकाची कमान घातली, तर गाडी बरोबर मूळ उंचीला येऊन थांबणार, वर एक मिलिमीटरही नाही, आणि त्यावर ३०० किलो माल टाकला की परत ५० मिमी खाली. तेच एका बाजूला ५ किलोवाली कमान असती तर दोन्ही मिळून १० झाले, मग २४० किलोला २४ मिमी आणि ३०० किलोला ३० मिमी. म्हणून कमान घेताना पहिला प्रश्न "किती इंच लिफ्ट" हा नाही, "गाडीवर कायम किती किलो असतात" हा आहे. चांगले सेट विकणारे कायमच्या वजनानुसार वेगवेगळे सेट ठेवतात ते याचसाठी. रिकाम्या गाडीवर कायम ३०० किलोवाला सेट घातला तर मागून शेपूट वर करून उभी राहणार आणि उड्या मारणार, आणि ३०० किलो अंगावर घेऊन फिरणाऱ्या गाडीला हलका सेट घातला की तुमची ती नेहमीची तक्रार सुरू.

जाडीचं गणित तर फारच कमी लोकांना माहीत असतं. पाट्याची जाडी वाढली की कडकपणा घनाच्या हिशोबानं वाढतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा म्हणजे दिसायला एक मिलिमीटर, पण तो एक पाटा जवळपास १.६ पट कडक. याउलट एकसारख्या पाच पाट्यांच्या सेटमध्ये तसाच सहावा टाकला तर साधारण २० टक्के वाढ, बस. मग जाड पाटेच का नको टाकायला? कारण तेवढंच वाकवलं तर जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो, जाडीच्या प्रमाणात. जाड पाटा कडक असतो पण लांबपर्यंत वाकायला कुरकुरतो, आणि त्याला त्याच्या मर्यादेपलीकडे वाकवला की तो परत पूर्ण येत नाही, बाक कायमचा कमी होतो किंवा सरळ तुटतो. ऑफ-रोडला जिथं चाक खूप वर-खाली होतं तिथं पातळ पण जास्त पाटे असलेला सेट मला कधीही जास्त पसंत, आणि सतत सारखाच जड माल वाहणाऱ्या गाडीला थोडे जाड पाटे चालतात.

काहीही विकत घ्यायच्या आधी, टेप आणि वजनकाटा

सपाट जागेवर गाडी उभी करा, टायरमधली हवा सगळीकडे बरोबर करा, आणि थांबल्या थांबल्या माप घेऊ नका. पाट्यांमध्ये घर्षण असतं त्यामुळं कमान कुठंतरी अडकून राहते, जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी तर हमखास जास्त उंच दाखवते. गाडी थोडी पुढं-मागं करा, मागून दोन-तीनदा दाबून सोडा, मग माप. माप जमिनीपासून घेऊ नका, चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या, म्हणजे टायर बदलला, झिजला, हवा कमी-जास्त झाली तरी मापात फरक पडत नाही. चारही चाकांची मापं. आणि एक माप बहुतेक सगळे विसरतात ते म्हणजे अॅक्सल आणि बंप स्टॉप (चासीखालचा रबरी ठोकळा, कमान पूर्ण दबली की अॅक्सल याला टेकतो) यांच्यातली मोकळी जागा, ते नक्की घ्या, पुढं लागणार आहे. सगळं लिहून ठेवा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा, डोक्यात राहत नाही.

मग काटा करा. नुसतं पूर्ण गाडीचं वजन नाही, फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या अॅक्सलचं वजन वेगळं घ्या, एकदा रोजच्या कायमच्या सामानासकट आणि एकदा तुमच्या नेहमीच्या पूर्ण लोडसकट. इथं बऱ्याच जणांना धक्का बसतो, कारण अॅक्सलच्या मागं लटकणारं वजन हे दिसतं त्यापेक्षा जास्त पडतं. समजा पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि मागच्या अॅक्सलच्या १.२ मीटर मागं हुकावर ट्रॉलीचे १०० किलो येतायत. मागच्या अॅक्सलवर १०० नाही, १४० किलो येतात, आणि वरचे ४० किलो पुढच्या चाकांवरून कमी होतात. म्हणून स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट आभाळाकडं जातात आणि मागून गाडी बसते. अशा वेळी सामान अॅक्सलच्या पुढं, केबिनला चिकटवून सरकवलं तर एक रुपया खर्च न करता निम्मा प्रश्न सुटतो. जड पेटी फाळक्याजवळ ठेवलेली असते ती आधी पुढं घ्या, मग पाट्याचं बघू.

आणि हे आत्ताच स्पष्ट सांगतो, कमान जाड केली म्हणून गाडीची लोडची मर्यादा वाढत नाही. मर्यादा ही अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर, चासी या सगळ्यांची मिळून ठरवलेली असते, आणि कागदावर जे वजन आहे तेच राहतं. नवीन कमानीमुळं गाडी जड मालाखाली सरळ उभी दिसते त्यामुळं माणसाला वाटतं अजून टाकूया, आणि मग बेअरिंग जातं किंवा टायर फुटतो.

आता वजन आणि माप हातात आलं की चित्र बरंच साफ होतं. काट्यावर कायमचं वजन जास्त निघालं आणि उंची त्या हिशोबानं कमी आहे, तर कमान ठीक आहे, तुमची निवड चुकलीय, कायमच्या वजनाला जुळणारा सेट लागेल. वजन कमीच आहे पण तरी उंची उतरत चाललीय, तर कमान खरंच बसतेय किंवा काहीतरी तुटलंय. नवीन सेट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडा बसतोच, त्याला घाबरायचं नाही, म्हणून पक्कं माप हे साधारण ५०० ते १००० किमी चालवल्यावरच घ्या. चांगले कारखाने पाटा बनवल्यावर त्याला प्रेसखाली पूर्ण दाबून सोडतात म्हणजे जे काय बसायचं ते तिथंच बसून जातं, ज्यांनी ते केलेलं नसतं त्यांचा पाटा तुमच्या गाडीवर बसतो.

खरंच बसणाऱ्या कमानीचं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे बंप स्टॉप. बघा, कंपनीनं कमान बनवताना ठरवलेलं असतं की पूर्ण दबल्यावर अॅक्सल बंप स्टॉपला टेकणार, त्याच्या पुढं पाटा वाकणार नाही. आता तुम्ही बाक वाढवून ५० मिमी उचल घेतली आणि बंप स्टॉप तिथंच ठेवला, तर मोठ्या खड्ड्यात कमान आधीपेक्षा ५० मिमी जास्त वाकते. प्रत्येक मोठ्या आपटीत ती तिच्या मर्यादेपलीकडे जाते आणि थोडी थोडी बसत जाते. एका दिवसात नाही, हळूहळू. आणि मग आपण म्हणतो काय कळत नाही बुवा, सारखीच बसते. म्हणून ते मोकळ्या जागेचं माप घ्यायला सांगितलं. जेवढी उचल घेतली साधारण तेवढाच बंप स्टॉप खाली आणा, उंच स्टॉप मिळतो किंवा मधे स्पेसर टाकता येतो, काम छोटं आहे पण नव्या पाट्याचं आयुष्य यावर आहे. फक्त लोडवरच्या स्थितीत अॅक्सल स्टॉपला सतत टेकून तर राहत नाही ना ते बघा.

दुसरं कारण, जुन्या पाट्यांना परत बाक मारून आणणं. स्वस्त पडतं म्हणून लोक करतात आणि सगळीकडंच ते वाईट असतं असं नाही, पण कसं केलंय ते महत्त्वाचं. कमानीचं पोलाद हे भट्टीत तापवून, तेलात बुडवून, परत ठरावीक गरम करून (यालाच टेंपर म्हणतात) तयार केलेलं असतं, त्यातूनच त्याला वाकून परत यायचा गुण मिळतो. पाटे नुसते थंड ठोकून बाक दिला आणि बसवले तर ते जुन्याच आकाराकडं परत जातात, तुमचं "थोड्याच दिवसांत बसली" ते बऱ्याचदा हेच असतं. आणि कुणी गॅसच्या बत्तीनं मधेच लाल करून वाकवला असेल तर तो पाटा तिथं मऊ पडला समजा, एकतर तिथूनच बसेल नाहीतर तिथूनच तुटेल. पूर्ण भट्टीचं काम करून, तेलात मारून, परत टेंपर करून देणारा कारागीर असेल तर जरूर करा, नाहीतर नवीनच घ्या. मेन पाट्याला (सगळ्यात वरचा, लांब) किंवा कुठल्याही पाट्याला वेल्डिंग मारायचं नाही, अगदी छोटा क्लिप चिकटवायला सुद्धा नाही.

आणि तुटलेला पाटा नीट शोधा, कारण तो सहसा लपलेला असतो. बाहेरून मेन पाटा धडधाकट दिसतो आणि खालचा तिसरा-चौथा मधे सेंटर बोल्टच्या (सगळ्या पाट्यांच्या मधून जाणारा बोल्ट) भोकापाशी तुटलेला असतो, यू-बोल्टच्या (कमान अॅक्सलला आवळणारे U आकाराचे बोल्ट) प्लेटखाली झाकलेला. कमान आधी ब्रशनं घासून साफ करा, मग टॉर्च घेऊन कडेनं बघा. एखाद्या पाट्याच्या कडेला गंजाची बारीक तांबूस रेघ उभी उतरलेली दिसली, म्हणजे लांबीच्या दिशेला नाही, आडवी पाटा कापत जाणारी, तर तिथं चीर आहे. किंवा दोन पाट्यांच्या मधे एका जागी लखलखीत घासल्याची खूण आणि बाजूला सगळा मळ, तर तिथं काहीतरी सरकतंय. क्लिपा पण बघा, पाट्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या त्या पट्ट्या. काम करताना त्या उघडतात आणि बऱ्याचदा परत नीट वळवत नाहीत, मग चाक खाली लोंबकळलं की सगळे पाटे पसरतात, सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो, आणि तुटतो तो नेमका मेन पाटाच.

एक पाटा वाढवण्याबद्दल

हे सगळ्यात जास्त केलं जातं म्हणून थोडं जास्त लिहितो. आखूड जाड पाटा खाली घालतात तो फक्त मधला भाग उचलून धरतो, त्याच्या टोकांपाशी वरच्या पाट्यांना एकदम कोपरा मिळतो आणि तिथंच ते वाकायला लागतात. उंची पटकन येते, चाल मात्र खराब होते आणि वरचे पाटे लवकर बसतात. लांब पाटा, जो मेन पाट्याच्या खालोखाल जवळपास पूर्ण लांबीचा असतो, तो भार पसरवतो. एकच वाढवायचा असेल तर लांबच घ्या, आणि तेही बाकीचे पाटे चांगल्या स्थितीत असतील तरच. थकलेल्या सेटमध्ये एक ताजा, जास्त बाकाचा पाटा घातला की तो एकटाच सगळ्यांना ओढून धरतो, सगळ्यात जास्त ताण त्याच्यावर, आणि काही दिवसांत तोही त्यांच्यासारखाच.

सगळ्यात खालचा तो जाड सपाट हेल्पर पाटा काही लोक काढून टाकायला सांगतात, चाल मऊ होते म्हणून. रिकामी फिरणाऱ्या गाडीला ठीक आहे. पण माल वाहायचा असेल तर तो काढू नका, ठरावीक लोडनंतर वरचे पाटे त्याच्यावर टेकतात आणि तिथून पुढं कमान कडक होते, त्याचं कामच ते आहे. अजून एक बारीक गोष्ट, वरच्या पाट्यांचा बाक वाढवला की हेल्परपर्यंतचं अंतरही वाढतं, म्हणजे तो आधीपेक्षा उशिरा कामाला लागतो. त्यामुळं "अपग्रेड केल्यावर लोडमध्ये आधीपेक्षा जास्त झुलते" हे म्हणणं खोटं नसतं.

कमान खोलताना मात्र जीव सांभाळा. चासीखाली पक्के स्टँड, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, अॅक्सलखाली वेगळा जॅक, आणि सेंटर बोल्ट सोडायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजूंना मजबूत क्लँप. नुसता बोल्ट सोडला तर पाटे झटक्यात उघडतात, बोटं जातील.

कमान ठीक, तरी उंची चुकते

इथं बुशची भानगड सांगायलाच पाहिजे कारण ही साधी गोष्ट आणि तीच सगळ्यात जास्त वेळा चुकलेली बघितलीय. कमानीच्या टोकाला रबरी बुश असतो, त्यात लोखंडी नळी चिकटलेली असते. बोल्ट कसला की ती नळी हँगरमध्ये (चासीवरचा, कमान धरणारा ब्रॅकेट) आवळली जाते, आणि कमान हलली की रबर पिळ खाऊन हलतं, नळी फिरत नाही. आता गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळतायत, आणि अशातच बोल्ट पूर्ण कसले. मग गाडी खाली उतरवली की रबर आधीच पूर्ण पिळलेलं. सुरुवातीला ते रबर गाडीला थोडं वर धरून ठेवतं, तुम्ही खूश की उंची मस्त आली, आणि मग रबर फाटतं आणि गाडी खाली येते, वर कुरकुर आणि खडखड सुरू. म्हणून बोल्ट आधी हातानं लावून सोडायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा हलवायची, कायमचं सामान असेल तर ते पण चढवायचं, आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसायचे. पॉलीवाले (पॉलियुरेथेनचे) बुश असतील तर ते मोकळे फिरतात, त्यांना त्यांचंच ग्रीस लागतं, रबरी बुशला मात्र साधं ग्रीस लावू नका, रबर फुगून खराब होतं.

शॅकलचा, म्हणजे कमानीचं मागचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीचा, कोन पण बघाच. कमान दबली की ती लांब होते आणि शॅकल मागं सरकून तिला जागा देतं. गाडी सपाट जागेवर उभी असताना शॅकलचं खालचं टोक थोडं मागं झुकलेलं पाहिजे. जास्त बाकाची कमान घातली की तिची दोन टोकं जवळ येतात, शॅकल सरळ उभं राहतं किंवा उलटं पुढं झुकतं, आणि मग खड्ड्यात कमानीला लांब व्हायला जागाच नसते, दणका थेट चासीला. लोकांना वाटतं पाटे कडक आहेत आणि ते पाटा काढायला सांगतात, खरं म्हणजे शॅकल अडकलेलं असतं. ही बहुतेक वेळा रिकाम्या गाडीला जड सेट घातल्याची खूण असते. उलट शॅकल एकदम मागं आडवं पडलं असेल तर कमान सपाट झालीय, तिचा जीव संपला.

एका बाजूनंच झुकते अशी तक्रार असेल तर नवीन काही घेऊ नका, दोन्ही कमानी एकमेकींच्या जागी लावून बघा. काही गाड्यांत डावी-उजवी मुद्दामच वेगळी असते तेवढं आधी बघून घ्या, पण एकसारख्या असतील तर हा उपाय सोन्यासारखा आहे. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर कमानीत दोष. जागचा हलला नाही तर दोष बुश, शॅकल, हँगर, चासी किंवा मग सामानाच्या वाटणीत, डिझेलची टाकी आणि पेटी एकाच बाजूला असतात बऱ्याचदा. पुढून एक स्प्रिंग बसलेली असली तरी मागून तिरकी दिसते, म्हणून चारही चाकांची मापं घ्यायला सांगितलं. लावताना दिशा लक्षात ठेवा, बऱ्याच पिकअपमध्ये सेंटर बोल्ट बरोबर मधे नसतो, पुढचा भाग आखूड असतो, कमान उलटी बसली तर अॅक्सलच मागं-पुढं सरकतो.

सेंटर बोल्ट सारखा तुटत असेल तर तो जाड किंवा भारी घेऊन काही होणार नाही. त्याचं काम पाटे रांगेत ठेवायचं आणि डोकं अॅक्सलच्या खाचेत बसवायचं, एवढंच. कमान अॅक्सलला आवळून धरतात ते यू-बोल्ट. ते ढिले असले की कमान पुढं-मागं सरकते आणि बिचारा सेंटर बोल्ट कापला जातो, मग एका बाजूचा अॅक्सल मागं जातो आणि गाडी तिरकी चालायला लागते. यू-बोल्ट एकदा पूर्ण ताणून काढले की परत वापरायचे नाहीत, नटसकट नवीन, आणि पाटा वाढवला असेल तर लांबी पुरते का ते बघून. बसवायच्या जागेवर रंगाचा जाड थर, गंज, माती काही नको, ते दबून जातं आणि बोल्ट आपोआप ढिला. चारही नट तिरके तिरके, थोडे थोडे करत, गाडी चाकांवर असताना कसा, १०० किमी झाल्यावर परत टॉर्क पाना लावा, आणि मग ५०० ते १००० किमीच्या मधे अजून एकदा. ही परत कसायची पायरी जवळपास सगळेच गाळतात.

लिफ्टचे ठोकळे आणि लांब शॅकल यांनी उंची मिळते, लोडची ताकद अजिबात मिळत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. शॅकल दोन इंच लांब केलं की मागं साधारण एक इंच मिळतं, कारण उचल फक्त कमानीच्या एका टोकाला होते, आणि त्यात डिफरन्शियलचं (मागच्या अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) तोंड थोडं वर वळतं. ठोकळ्यामुळं अॅक्सल कमानीपासून लांब जातो, त्यामुळं जोरात वेग घेताना तो कमानीला पिळतो आणि निघताना एक ठक्क असा धक्का बसतो. एकावर एक दोन ठोकळे तर कधीच नाही. कुठल्याही पद्धतीनं उचलल्यावर निघताना थरथर किंवा ठरावीक स्पीडला घुंघुं आवाज यायला लागला तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलला फिरवणारा दांडा) कोन बिघडलाय, दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेट थोडा खाली घ्यावा लागतो, नाहीतर डिफरन्शियलचा कोन पाचर टाकून जुळवावा लागतो. तो आवाज ऐकून तसंच चालवत राहू नका, क्रॉस (शाफ्टचा सांधा) जातो.

एअर बॅगवाल्यांसाठी एक सूचना. कधीमधी जास्त लोड असतो आणि बाकी वेळ गाडी रिकामी, अशांना हवेच्या बॅगा सोयीच्या आहेत, हवा कमी-जास्त करता येते. पण कमान चासीला पुढं आणि मागं अशा दोन ठिकाणी भार देते, बॅग तोच भार अॅक्सलच्या बरोबर वर एका जागी देते. मागं जड ट्रॉली, वर सामान, बॅगेत खच्चून हवा आणि खराब रस्ता हे एकत्र आलं की चासी त्याच जागेला वाकू शकते. थकलेल्या कमानीला बॅगेनं उचलून धरणं हा उपाय नाहीच, आधी कमान बरी करा.

शॉकअपचं थोडक्यात: ५० मिमी उचलल्यावर जुना शॉकअप अपुरा पडतो, चाक लोंबकळलं की तो पूर्ण ताणून ठक्क करतो आणि लवकर गळायला लागतो. कमान कडक केली तर तिची उसळी आवरायलाही जुना पुरत नाही, म्हणून लांबी आणि जोर दोन्ही जुळणारा घ्या. त्याच वेळी चाकं पूर्ण लोंबकळत ठेवून मागचा ब्रेकचा होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि अॅक्सलची श्वासनळी (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) ताणली जात नाही ना ते हात लावून बघा.

आणि ब्रेक. बऱ्याच पिकअपमध्ये चासीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा अॅक्सलला जोडलेला असतो, मागून गाडी किती बसलीय त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी उचलली की चासी अॅक्सलपासून लांब गेली, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा ब्रेक कमी करतो. कडक कमानीत लोड टाकल्यावरही गाडी फारशी बसत नाही, म्हणजे भरलेली गाडी आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे, सगळा जोर पुढच्या ब्रेकवर. थांबायला अंतर जास्त लागतं आणि पुढचे पॅड लवकर संपतात, आणि कुणी पाट्याशी याचा संबंधच लावत नाही. तुमच्या गाडीत तो दांडा आहे का खाली वाकून बघा, असेल तर जेवढी उचल घेतली त्या हिशोबानं त्याचा ब्रॅकेट किंवा लांबी मॅन्युअलप्रमाणे सेट करून घ्या, आणि गाडी रस्त्यावर काढायच्या आधी मोकळ्या जागेत एकदा रिकामी आणि एकदा लोड टाकून ब्रेक मारून बघा.